घरच्या घरी लाइट टेंट: पुठ्ठ्याचं खोकं, ट्रेसिंग पेपर आणि दोन सारखे दिवे

टेबलावर ठेवलेल्या छोट्या वस्तूचा फोटो मनासारखा आला नाही की बहुतेक जण आधी कॅमेऱ्याला नावं ठेवतात, मग नवीन लेन्स बघायला लागतात, आणि खरी गडबड असते प्रकाशात. खोलीतल्या एका दिव्याखाली अंगठी, घड्याळ, काचेची बाटली, मातीचं भांडं काहीही ठेवून बघा, एका बाजूला गडद सावली पडणार, चकचकीत भागावर दिव्याचा पांढरा ठिपका येणार आणि मागची भिंत पिवळट दिसणार. या तिन्हीवर मिळून एक उपाय म्हणजे लाइट टेंट, म्हणजे वस्तूभोवती उभा केलेला, प्रकाश पसरवणारा छोटा पांढरा तंबू, आणि तो घरी करायला पुठ्ठ्याचं खोकं, थोडा ट्रेसिंग पेपर, एक पांढरी कार्डशीट आणि दोन सारखे दिवे एवढं पुरतं. विकतचे घडीचे टेंट मिळतात, ते वाईट नसतात, पण घरी केलेल्याचा मोठा फायदा असा की माप तुमच्या वस्तूप्रमाणे ठरतं आणि कुठून किती प्रकाश आत घ्यायचा ते पूर्ण तुमच्या हातात राहतं.

आधी टेंट करतो काय ते समजून घ्या

हा भाग गाळून थेट कापाकापीला जाऊ नका, कारण पुढचे सगळे निर्णय इथून निघतात.

सावली धारदार पडणार की मऊ, हे दिव्याच्या वॅटवर ठरत नाही, तर वस्तूच्या जागेवरून बघितलं तर प्रकाशाचा उगम किती मोठा दिसतो त्यावर ठरतं. सूर्य केवढा मोठा, पण इतका लांब की आकाशात लहानशी चकती दिसते, म्हणून उन्हातली सावली कडक असते, आणि ढग आले की तोच प्रकाश अख्ख्या आकाशभर पसरून येतो आणि सावली जवळजवळ नाहीशी होते. टेंटचा पांढरा कागद किंवा कापड ढगाचं काम करतं. ६ सेंटिमीटरचा बल्ब कागदाच्या मागे गेला की वस्तूच्या दृष्टीने आता ३० सेंटिमीटरचा अख्खा कागदच दिवा झाला. यातून दोन गोष्टी लगेच कळतात: कागद वस्तूच्या जवळ हवा आणि बल्ब कागदापासून लांब हवा. बल्ब कागदाला चिकटवून ठेवला तर मधोमध एकच झगझगीत गोळा उजळतो, बाकी कागद अंधारात राहतो, म्हणजे दिवा परत छोटाच झाला आणि सगळी मेहनत फुकट.

दुसरी गोष्ट चकचकीत वस्तूंची. धातू, काच, चकाकणारं प्लास्टिक यांच्यावर आपल्याला जे दिसतं ते मुख्यतः आजूबाजूच्या गोष्टींचं प्रतिबिंब असतं. चमचा हातात धरून बघा, त्यात खिडकी दिसेल, दिवा दिसेल, तुम्ही दिसाल. म्हणून चकचकीत वस्तूचा फोटो काढणं म्हणजे त्या वस्तूभोवती जे काही आहे त्याचा फोटो काढणं, आणि टेंट वस्तूभोवती पसारा सोडून फक्त पांढरा पृष्ठभाग ठेवतो. माझं तर म्हणणं असं की टेंट बांधताना सारखं एकच विचारत राहायचं, या वस्तूला आत्ता काय दिसतंय? बघायची सोपी युक्ती पण आहे: मोबाइल टेंटच्या आत वस्तूच्या जागी ठेवायचा आणि डावीकडे, उजवीकडे, वर, समोर असे फोटो काढायचे. त्यात जे काही दिसेल ते सगळं वस्तूवर उमटणार आहे. तपकिरी पुठ्ठा दिसला, खोलीचं दार दिसलं, तुमचा लाल शर्ट दिसला, तर ते झाकायचं.

माप आणि सामान

खोक्याचं माप वस्तूवरून ठरवा. वस्तूच्या सगळ्यात मोठ्या बाजूच्या साधारण दोन ते अडीच पट खोकं घ्या, म्हणजे १६ सेंटिमीटरच्या वस्तूला ४० सेंटिमीटरचं चौकोनी खोकं छान पुरतं. फार मोठं घेतलं तर कागद वस्तूपासून लांब जातो आणि प्रकाशाचा मऊपणा कमी होतो, फार लहान घेतलं तर वस्तू बाजूच्या कागदाला जवळजवळ टेकते आणि मागे मोकळी जागाच उरत नाही. खाली सगळीकडे ४० सेंटिमीटरचं खोकं धरून लिहिलंय, तुमचं माप वेगळं असेल तर त्याच प्रमाणात बदला.

खोकं जाड पुठ्ठ्याचं, कोपरे शाबूत असलेलं घ्या, कारण तीन बाजूंना खिडक्या कापल्यावर उरलेल्या पट्ट्यांवरच सगळं उभं राहणार. बाकी कटर, स्टीलची पट्टी, पेन्सिल, मास्किंग टेप, थोडे साधे पांढरे कागद, कपड्याचे चिमटे किंवा बाइंडर क्लिपा, आणि पांढऱ्या-काळ्या जाड कागदाचे काही तुकडे. या तुकड्यांना किरकोळ समजू नका, पुढे त्यांच्यावरच बरंच काम निघतं.

डिफ्युजर, म्हणजे खिडकीवर लावायचा प्रकाश पसरवणारा पडदा, कशाचा करायचा यावर लोक खूप डोकं खाजवतात. माझी पहिली पसंती ट्रेसिंग पेपर, कारण तो प्रकाश सारखा पसरवतो, विणीची जाळी दिसत नाही आणि टेपने पटकन चिकटतो. बटर पेपर चालतो, फक्त पिवळट किंवा तपकिरी छटेचा घेऊ नका आणि सुरकुत्या पडू देऊ नका, चकचकीत वस्तूवर त्या सुरकुत्या दिसतात. पांढरं सुती कापड, मलमल किंवा जुन्या चादरीचा तुकडाही मस्त चालतो आणि टिकतो जास्त, पण इस्त्री करूनच लावा. एक लक्षात ठेवा, बऱ्याच पांढऱ्या कापडात आणि कागदात जास्त पांढरं दिसावं म्हणून रसायन घातलेलं असतं, ते अतिनील प्रकाशात निळसर चमकतं, त्यामुळे फ्लॅश किंवा उन्हाचा प्रकाश वापरला तर किंचित निळी झाक येऊ शकते. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्यात करायची रंगाची जुळवणी) नीट केला की ती बरीचशी जाते, पण डावीकडे एक कापड आणि उजवीकडे दुसरंच असं मात्र करू नका, मग दोन बाजूंना दोन रंग येतात आणि ते नंतर सुधारता सुधारत नाहीत.

कापाकापी

खोकं आडवं करा, म्हणजे त्याचं तोंड तुमच्याकडे आलं. आता खालची बाजू जमीन, मागची बाजू भिंत, आणि डावी, उजवी, वरची या तीन बाजूंना खिडक्या कापायच्या. कडेपासून ४-५ सेंटिमीटरची पट्टी सोडून पेन्सिलने चौकोन आखा. सोडलेली पट्टी अगदी बारीक ठेवली तर खोकं लगेच डगमगतं, जास्त रुंद ठेवली तर प्रकाश अडतो. एका दमात आरपार कापायला जाऊ नका, स्टीलच्या पट्टीला धरून दोन-तीन वेळा हलक्या हाताने कटर फिरवा, कट सरळ येतो आणि बोटंही सुखरूप राहतात. खाली जाड पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा म्हणजे टेबलावर चरे पडणार नाहीत.

तोंडाकडचे चार पंख लगेच कापून टाकू नका. डावा-उजवा पंख आतून पांढरा कागद लावून ठेवला की ते आयते रिफ्लेक्टर होतात, थोडे आत वळवले की समोरून प्रकाश परत वस्तूवर पडतो. खालचा पंख पण राहू दे, कार्डशीटचं पुढचं टोक त्यावर विसावतं. वरचा तेवढा कापा किंवा मागे दुमडून टेपने चिकटवा, तो कॅमेऱ्याच्या मध्ये येतो.

आता जे काम हमखास राहून जातं ते: खोक्याच्या आतला जेवढा तपकिरी भाग दिसतोय, खिडक्यांच्या पट्ट्यांची आतली बाजू, कोपरे, मागची भिंत, सगळ्यावर साधा पांढरा कागद चिकटवा. तपकिरी पुठ्ठ्यावर आपटून आलेला प्रकाश पिवळट होतो आणि ती छटा पांढऱ्या वस्तूवर स्पष्ट दिसते, शिवाय चकचकीत वस्तूवर तपकिरी चौकटच्या चौकट उमटते. अर्धा तास जातो याला, पण हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग डिफ्युजर. खिडकीपेक्षा सगळीकडून ३ सेंटिमीटर मोठा कागद कापा आणि खोक्याच्या बाहेरून मास्किंग टेपने ताणून लावा. मास्किंग टेप यासाठी की ती निघते, कागद फाटला किंवा पिवळा पडला की बदलता येतो, डिंकाने चिकटवलात तर पुढच्या वेळी पुठ्ठ्यासकट निघेल. आधी वरचा कोपरा, मग तिरका समोरचा खालचा कोपरा, मग उरलेले दोन, असं लावलं की कागद सपाट बसतो.

एक थर पुरतो की दोन लागतात हे तपासायचं असं: दिवा लावा, आतून कागदाचाच फोटो काढा आणि एक्सपोजर (फोटोचा उजळपणा) मुद्दाम खूप कमी ठेवा. फोटोत मधोमध तेजस्वी गोळा आणि कडेला काळोख दिसला तर दिवा मागे न्या. जागा नसेल तर पहिल्या कागदापासून ३-४ सेंटिमीटर अंतर ठेवून दुसरा थर लावा. अंतर महत्त्वाचं आहे, एकावर एक चिकटवलेल्या दोन कागदांपेक्षा मधे हवा असलेले दोन कागद प्रकाश जास्त चांगला पसरवतात. प्रत्येक थर थोडा प्रकाश खातो, पण कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर त्याने काही बिघडत नाही.

मागचा पडदा, म्हणजे कार्डशीट

फोटोत जमीन आणि भिंत यांच्यामधली रेघ दिसायला नको म्हणून एकच कागद खालून मागे वर वळवत न्यायचा. याला घडी घालायची नाही, मोठी गोल वळणाची कमान येऊ द्यायची. एकदा घडी पडली की तिथे कायमची सावलीची रेघ राहते, म्हणून कार्डशीट आणतानाही गुंडाळी करूनच आणा.

हिशोब बघा. ४० सेंटिमीटर खोली आणि ४० सेंटिमीटर उंची मिळून ८० होतात, पण वळण १५ सेंटिमीटर त्रिज्येचं ठेवलं तर कोपरा कापला जाऊन साधारण ६ सेंटिमीटर वाचतात, म्हणजे ७४ च्या आसपास कागद लागतो. नेहमीची मोठी कार्डशीट ५६ बाय ७१ सेंटिमीटरची असते, ती लांबीला जरा कमी पडते, पण मागच्या भिंतीवर अगदी छतापर्यंत जायची गरज नसतेच, कॅमेऱ्याला तेवढं वर दिसत नाही. रुंदी आतल्या मापापेक्षा अर्धा सेंटिमीटर कमी ठेवा, नाहीतर कागद कडेला फुगतो.

पडदा चिकटवू नका. छताच्या मागच्या कडेला आडवी १ सेंटिमीटरची फट कापली की लांब कागद असेल तर तिथून वरून खाली सोडता येतो आणि बाहेर चिमट्याने धरता येतो, मग पांढरा, राखाडी, काळा, निळा असे कागद मिनिटभरात बदलतात. कागद मॅट फिनिशचाच हवा, चकाकणारा घेतला तर त्यावर वरच्या खिडकीचं प्रतिबिंब पडतं. वस्तूखाली मुद्दाम प्रतिबिंब हवं असेल तर काळ्या ॲक्रिलिकचा तुकडा टाका. आरसा किंवा साधी काच टाकली तर पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागाची अशी दोन प्रतिबिंबं एकमेकांना चिकटून येतात आणि वस्तू अस्पष्ट वाटते.

दिवे

इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो: हॅलोजन किंवा जुने तारेचे बल्ब वापरू नका. ते खूप तापतात आणि तुमच्याकडे चहूबाजूंनी कागद, पुठ्ठा, कापड आहे. एलईडी वापरा, ते कमी तापतात, तरी बल्ब कागदाला टेकवायचा नाही आणि दिवे चालू ठेवून खोलीबाहेर जायचं नाही. वायर टेबलाच्या कडेवरून लोंबकळत असेल तर टेपने बसवून टाका, पाय अडकला की दिव्यासकट टेंट खाली येतो.

दोन्ही दिवे एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आणि शक्यतो एकाच वेळी घेतलेले हवेत. वॅट सारखे असून भागत नाही, रंग सारखा हवा. बल्बच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा असतो, २७०० म्हणजे पिवळट, ६५०० म्हणजे निळसर पांढरा, मला ५००० ते ५५०० च्या आसपासचा सगळ्यात सोयीचा वाटतो. त्याहून जास्त महत्त्वाचा आकडा सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा), तो ९० च्या वर असलेला शोधा, कारण कमी सीआरआयच्या दिव्यात लाल आणि त्वचेसारखे रंग मरगळलेले दिसतात आणि ती कसर व्हाइट बॅलन्स भरून काढू शकत नाही.

टेंटचे दिवे लावले की खोलीतले बाकी सगळे दिवे बंद आणि पडदे ओढलेले. खिडकीतला निळसर उजेड आणि बल्बचा पिवळट उजेड एकत्र आले की वस्तूची एक बाजू एका रंगाची आणि दुसरी दुसऱ्या रंगाची होते. उलट, विजेचा दिवाच नको असेल तर खिडकीजवळ, थेट ऊन येत नाही अशा जागी टेंट ठेवा, एका बाजूने उजेड घ्या, दुसऱ्या बाजूला आतून पांढरं कार्ड लावा, सुंदर काम होतं. ढग येतील-जातील तसं एक्सपोजर बदलत राहतं, एवढंच सांभाळायचं.

दिवे ठेवायचे कुठे? सुरुवात म्हणून एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन्ही कागदापासून ३०-४० सेंटिमीटर लांब, वस्तूच्या उंचीपेक्षा जरा वर. यात प्रकाश अगदी सपाट येतो, सावली नाही पण गोलाईही नाही, आणि घरगुती टेंटमधले बरेच फोटो इथेच अडकतात. सावली पूर्ण मारायची नसते, ती मऊ करायची असते. म्हणून एक दिवा दुसऱ्यापेक्षा लांब न्या. अंतर दुप्पट केलं की प्रकाश साधारण चौथाई होतो, हा नियम अगदी छोट्या उगमासाठी बरोबर लागू पडतो पण अंदाज घ्यायला बल्बलाही चालतो. म्हणजे एक ३० वर आणि दुसरा ४५ वर ठेवला तरी दुसरीकडचा प्रकाश निम्म्यापेक्षा कमी होतो आणि वस्तू लगेच भरीव दिसायला लागते. मला स्वतःला मुख्य दिवा वरून, किंचित मागून आणि दुसऱ्या दिव्याऐवजी समोर नुसतं पांढरं कार्ड ही मांडणी फार आवडते, मातीची भांडी, लाकूड, विणकाम, ज्यांचा पोत दिसायला हवा अशा सगळ्याला ती शोभते.

कॅमेऱ्याची सेटिंग

ट्रायपॉड हवाच. नसेल तर पुस्तकांची चळत चालेल, पण कॅमेरा हातात नको, कारण मग शटर (प्रकाश आत घ्यायचा वेळ) कितीही लांब ठेवता येतं आणि दिवे कमी ताकदीचे असले तरी अडत नाही. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) एफ ८ ते एफ ११, शटर जे येईल ते, १/१० सेकंद येवो की अर्धा सेकंद. एफ १६ च्या पुढे गेलं की सगळं फोकसमध्ये येईल असं वाटतं खरं, पण डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे, एकूणच फोटो मऊ पडायला लागतो. बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून २ सेकंदांचा टायमर लावा, आणि कॅमेरा ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन बंद केलेलं बरं.

लेन्स वाइड नको. जवळ जाऊन वाइड लेन्सने काढलं की वस्तूचा पुढचा भाग फुगतो आणि चौकोनी डब्याच्या कडा वाकड्या होतात. क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्याला ५० मिलिमीटर, फुल फ्रेमला (मोठ्या सेन्सरच्या) ८५ ते १०० च्या आसपास, आणि थोडं मागे सरकून काढा.

आता पांढऱ्या पडद्याची नेहमीची तक्रार, फोटोत तो राखाडी येतो. कॅमेऱ्याचा मीटर असं धरून चालतो की समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी आहे, त्यामुळे पांढरंच पांढरं दिसलं की तो ते खाली ओढतो. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या अंदाजात करायची वाढ-घट) +१ ते +१.७ च्या दरम्यान द्या आणि हिस्टोग्राम (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं दाखवणारा उजळपणाचा आलेख) बघा, उजवीकडचा डोंगर कडेच्या अगदी जवळ हवा पण कडेला आपटलेला नको. काळ्या पडद्यावर याच्या उलट, मायनसमध्ये जायचं. मॅन्युअल मोडवर एकदा बसवलं की मग वस्तू बदलली तरी सगळे फोटो एकसारखे येतात, एकाच प्रकारच्या बऱ्याच वस्तू काढायच्या असतील तर हाच मार्ग.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडू नका, कारण लाल वस्तू ठेवली की तो एक ठरवतो आणि निळी ठेवली की दुसरं. टेंटमध्ये वस्तूच्या जागी ग्रे कार्ड (रंगाची छटा नसलेलं राखाडी कार्ड) ठेवून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या, आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढत असाल तर पहिल्या फोटोत ते कार्ड राहू द्या, नंतर एका क्लिकमध्ये सगळे फोटो दुरुस्त होतात.

मोबाइलवाल्यांनी काय करायचं? तेच सगळं, फक्त फोनला पण स्टँड हवा. जवळून काढायच्या नादात वाइड लेन्स वापरू नका, फोनला वेगळी टेली लेन्स असेल तर ती घ्या, नसेल तर मुख्य लेन्सने थोडं लांबून काढून नंतर क्रॉप करा. वस्तूवर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्सपोजर लॉक होतं, मग स्लायडर वर सरकवून पडदा पांढरा करा. फ्लॅश बंद, पोर्ट्रेट मोडही बंद, कारण तो वस्तूच्या कडा अंदाजाने कापतो आणि कानाची कडी, साखळी, धागा असल्या बारीक गोष्टी पुसल्या जातात. फोटोवर आडवे पट्टे दिसले तर तो एलईडीचा लुकलुकाट असतो. वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झची असेल तर १/६० किंवा १/१२० ठेवून बघा. शटर आणखी लांब ठेवलं तर पट्टे बहुधा राहतच नाहीत.

अवघड वस्तू

चकचकीत धातू असेल तर टेंटची समोरची बाजू उघडी राहते तीच डोकेदुखी होते, कारण तिथून काळोखी खोली, कॅमेरा आणि तुम्ही वस्तूवर दिसता. पांढऱ्या कार्डशीटला मधोमध लेन्सपुरतं भोक पाडा आणि ती समोर पडद्यासारखी लावा, लेन्स भोकातून आत. तरीही लेन्सचा छोटा काळा ठिपका राहतो, तो वस्तू किंचित फिरवून एखाद्या कडेला किंवा नक्षीत लपवायचा. पोलरायझर (चकाकी कमी करणारा) फिल्टर लावून धातूची चमक जाईल असं समजू नका, तो काच, प्लास्टिक, पॉलिश केलेलं लाकूड यांच्यावर उपयोगी पडतो, धातूवरच्या थेट प्रतिबिंबावर त्याचा परिणाम होत नाही.

पण सगळीकडून पांढरंच पांढरं दिसलं तर धातू धातूसारखा वाटतच नाही, राखाडी प्लास्टिक वाटतं. इथे ते काळ्या कागदाचे तुकडे कामाला येतात. २-३ सेंटिमीटर रुंदीची काळी पट्टी टेंटच्या आत बाजूच्या कागदाला टेकवून उभी करा, वस्तूवर त्याची एक गडद रेघ उमटते आणि चमक, गोलाई, कड सगळं एकदम दिसतं. पट्टी इंचभर पुढे-मागे करत कॅमेऱ्यातून बघत राहा, हा सगळा खेळ डोळ्याने बसवायचा आहे, याला मापाचं सूत्र नाही. पांढरी वस्तू पांढऱ्या पडद्यावर हरवते तेव्हाही हाच उपाय, दोन्ही बाजूंना फ्रेमच्या जरा बाहेर काळी कार्डं लावली की कडा वेगळ्या उठून दिसतात.

काचेला मात्र समोरून किंवा बाजूने प्रकाश देऊन फारसं साधत नाही. बाटली किंवा पेला असेल तर मागच्या पुठ्ठ्यालाही खिडकी कापा, तिथे ट्रेसिंग पेपर लावा, कार्डशीटचा पडदा काढा आणि एकच दिवा मागून द्या, बाजूचे दिवे बंद. बाजूंना काळी कार्डं उभी केली की काचेच्या कडा गडद रेघेने आखल्यासारख्या दिसतात, मधला भाग उजळ. याच्या उलट काळ्या पार्श्वभूमीवर उजळ कडा हव्या असतील तर मागच्या खिडकीच्या मधोमध, फ्रेमपेक्षा जरासं मोठं काळं कार्ड लावा म्हणजे प्रकाश त्याच्या चारी बाजूंनी वळून येतो. काचेचे फोटो काढायला लागलात की याच दोन मांडण्या परत परत वापराल.

नाणी, पदकं अशा सपाट कोरीव वस्तूंना तर टेंटचा मऊ प्रकाश उलट मारक ठरतो, नक्षी बसून जाते. त्यांच्यासाठी वरची खिडकी झाकून टाका आणि एकाच बाजूने, खालच्या कोनातून प्रकाश द्या. सगळ्याच वस्तूंना टेंट हवाच असं अजिबात नाही.

आणि धूळ. डोळ्याला न दिसणारी धूळ फोटोत डोंगराएवढी दिसते आणि नंतर एकेक कण पुसायला जेवढा वेळ लागतो त्याच्या काही अंशात ती आधी साफ होते. मऊ ब्रश, हवा मारायचा रबरी ब्लोअर, मायक्रोफायबरचं कापड जवळ ठेवा आणि धातू-काच हाताळताना सुती मोजे घाला, बोटांचे ठसे फार चिवट असतात. अंगठी उभी करायला मागच्या बाजूला मेणाचा छोटा गोळा लावला की पुरे.

नंतरची थोडी दुरुस्ती

सगळं नीट केलं असेल तर इथे फार काम उरत नाही. फोटो सॉफ्टवेअरच्या लेव्हल्समध्ये पांढरा स्लायडर पडद्याचा आकडा (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा) २४५-२५० च्या आसपास येईपर्यंत सरकवा. कॅमेऱ्यातच मागचा पडदा पार जळून जाईपर्यंत उजळवू नका, तसा जास्तीचा प्रकाश वस्तूच्या कडांवरून वळून येतो आणि कड खातो, कॉन्ट्रास्टही उतरतो. पडदा एका कोपऱ्यात करडा राहत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये घासत बसण्यापेक्षा वस्तू थोडी पुढे ओढा आणि वरचा दिवा जरा मागे सरकवा, पडद्याला स्वतंत्र प्रकाश मिळतो.

टेंट मोठा किंवा अगदी छोटा हवा असेल तर

खेळणी, बूट, पिशव्या अशा मोठ्या वस्तूंना पुठ्ठा टिकत नाही, पीव्हीसी पाइपचा सांगाडा करा. चौकोनी सांगाड्याला १२ सारखे तुकडे आणि ८ तीन तोंडांचे कोपऱ्याचे जोड लागतात, चिकटवू नका म्हणजे सुट्टे करून पिशवीत राहतात, आणि वर चादर टाकून चिमट्यांनी ताणा. अगदी छोट्या वस्तूंना दुधाळ पांढऱ्या प्लास्टिकचा डबा उलटा करून, तळाला लेन्सपुरतं भोक पाडून वरून फोटो काढला तरी काम होतं, दिवे फक्त बाहेरून दोन्ही बाजूंना. डब्याला रंगाची छटा नाही ना ते आधी पांढऱ्या कागदाशेजारी धरून बघा.

पुठ्ठ्याचा टेंट वापरून झाला की तोंड बंद करून कोरड्या जागी ठेवा, दमट हवेत ट्रेसिंग पेपर लहरी होतो आणि त्या लहरी धातूवर दिसतात. कागद पिवळसर वाटायला लागला की तिन्ही बाजूंचा एकदमच बदला, एकाच बाजूचा बदललात तर दोन्हीकडचा रंग वेगळा येईल, आणि बदलल्यावर व्हाइट बॅलन्स पुन्हा नव्याने घ्या.